ओठाला न लागणारा काठ

चहाचा चांगला कप कसा ओळखायचा असं कुणी विचारलं, की मी आधी उलट विचारतो, तुम्ही कपातनं पिता का बशीतनं? पुण्याची माणसं हसतात. म्हातारा चेष्टा करतोय असं त्यांना वाटतं. चेष्टा कसली, माझं धंद्यातलं पहिलं वर्ष ह्याच प्रश्नापायी पाण्यात गेलं.

मी कुंभार. घर केडगावात. वडील रांजण, मडकी, चुली करायचे. मी दहावीनंतर चिनी मातीची भांडी करणाऱ्या एका लांबच्या कारखान्यात लागलो, साच्यात माती ओतायच्या कामावर. कारखाना बंद पडला तेव्हा गावी आलो. रस्त्याकडेच्या तुकड्यात पत्र्याचं शेड ठोकलं, विजेवरचं चाक बसवलं, गॅसची भट्टी उभी केली आणि ठरवलं, आता फक्त रोजच्या चहाचे कप करायचे. शोभेचं काही नाही. शोभेची वस्तू माणूस एकदा घेतो आणि काचेच्या कपाटात कोंडून ठेवतो. कप रोज वापरात असतो आणि कधीतरी फुटतोच. फुटला की गिऱ्हाईक परत येतं. एवढी अक्कल मला होती. बशीची नव्हती.

पहिला माल घेऊन मी शिरूरला गेलो. एसटी स्टँडच्या मागं आण्णांचं हॉटेल होतं, हॉटेल म्हणजे चहा, भजी आणि सहा बाकडी. आण्णा माझ्याहून बरेच मोठे, तोंडानं फटकळ. मी पेटीतनं उंच, देखणा मग काढून पुढं ठेवला.

"बशी कुठंय?" आण्णा म्हणाले.

"मग हाय हा आण्णा. कानाला धरायचं आन् प्यायचं."

"आन् जीभ पोळली तर फुंकर घालायला तू येणार हायेस का केडगावास्नं?"

त्यांनी तो मग तोंडाशी नेला, डोळे मिटले आणि त्याचा काठ खालच्या ओठावरनं एकदा इकडनं तिकडं फिरवला. ही त्यांची परीक्षा. पुढं कित्येक वर्षं मी ती बघत आलो, पण त्या दिवशी पहिल्यांदा बघितली.

"खरखरतंय," ते म्हणाले. "माझ्या गिऱ्हाईकाचा ओठ म्हंजी काय गोणपाट हाय का, दत्तू?"

पेटी उचलून मी परत आलो. येताना एसटीत शेजारच्या बाईनं विचारलं, काय आहे पेटीत. मी म्हटलं, माझं कपाळ.

आता कप होतो कसा ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आपली काळी माती ह्या कामाला चालत नाही, तडकते. पांढरी माती आणि त्यात घालायची दगडाची पूड, गारगोटीची पूड, हे सगळं गोण्यांतनं परराज्यातनं येतं. पाणी घालून तिंबायचं, चाकावर कप ओढायचा, अर्धवट सुकला की बूड तासायचं, कान चिकटवायचा. मग पूर्ण वाळू द्यायचा. वाळलेला कप खारीसारखा असतो, जोरात धरला तरी तुटतो. काठ, कानाचा सांधा, बुडाची कड ह्या वेळी साफ करायची. मग पहिली भाजणी, मग झिलईच्या पाण्यात बुडवणं, मग दुसरी भाजणी. काठावर बारीक कण जरी राहिला तरी झिलई त्याला झाकत नाही, उलट त्याचा काटा होतो. आण्णांच्या ओठाला लागला तो हाच.

बशीनं तर मला रडवलं. पसरट वस्तू भट्टीत सरळ राहतच नाही. पहिल्या सगळ्या बश्या भाजलेल्या पापडासारख्या वर वळून आल्या. शालननं, म्हणजे माझ्या बायकोनं, त्या कोंबड्यांना पाणी प्यायला ठेवल्या. पुढच्या भट्टीनंतर म्हणाली, "आता कोंबड्या घ्या आनखी. बश्या लई झाल्या." शेवटी बशीचं बूड जाड आणि कड थोडी उभी ठेवली तेव्हा ती जमली. पण काठ जमवला तो शालननं.

शालन केंदूरची, कुंभाराचीच पोर. चाकावर तिचा हात बसला नाही, पण बोटाला जे कळायचं ते मला डोळ्यांनी दिसायचं नाही. तिचं म्हणणं, ओला असताना कुठलाबी काठ गुळगुळीतच लागतो, तो वाळल्यावर काय ते कळतं. म्हणून ती वाळलेलाच कप मांडीवर घ्यायची. आधी बारीक पॉलिश पेपर, मग जुन्या धोतराचा फाटका तुकडा, काठावरनं गोल गोल. मग कप तोंडापुढं धरून आत एक फुंकर. धूळ उडाली की कप रांगेत. दुसरा उचलायचा. दिवसभर हेच. संध्याकाळी दिवा लावायच्या आधी सगळं शेड झाडून काढायचं, कारण केर तसाच ठेवून दिवा लावणं तिला चालायचं नाही. झाडताना शेडात पांढरं धुकं व्हायचं. तिच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या. मी म्हणायचो, बघ, माझ्याआधी म्हातारी झालीस.

दुसऱ्या खेपेला आण्णांनी डोळे मिटून काठ ओठावरनं फिरवला आणि डोळे उघडायला वेळ लावला. "कुणी केला?"

"कप म्या केला. काठ मालकिणीनं."

"मग कपाचं ऱ्हाऊ दे. काठाची आर्डर घे."

त्या दिवसापासनं आण्णांच्या हॉटेलात बसून पिणाऱ्याला आमच्या कपबशीतनं चहा मिळायला लागला. उभ्यानं पिणाऱ्याला काचेचा ग्लास. आमचं नाव त्या काठामुळं पसरलं. दौंड, पाटस, कुठनं कुठनं माणसं यायची आणि "ते ओठाला न लागणारे कप" मागायची. मला त्याचा अभिमान होता, अजून आहे. खोटं कशाला बोलू.

ह्या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी मला बजावलंय, काका, गिऱ्हाइकांच्या गमती लिहा. तर लिहितो. कारेगावातला एक कंपनीतला पोरगा आला होता, दसऱ्याला कामगारांना कप वाटायचे म्हणून. त्यानं खिशातनं मापाचं लोखंडी यंत्र काढलं आणि एकेक कप मोजायला बसला. "काका, ह्यात व्हेरिएशन आहे," म्हणाला. मी म्हटलं, "साहेब, माझ्या दोन हातांत पण आहे." त्यानं निम्मे कप बाजूला काढले. जाताना त्या बाजूला काढलेल्यांतलाच एक उचलून म्हणाला, हा मला घरी लागेल. त्याच्याबरोबर गाडी चालवायला आलेला बिहारचा माणूस मला हळूच विचारत होता, चाचा, कुल्हड़ नहीं बनाते? त्याला शालननं चहा दिला. त्यानं पिऊन झाल्यावर कप धुतला, पुसला आणि दोन्ही हातांनी परत दिला. त्याच्या गावाकडं प्याल्यावर फोडून टाकतात म्हणे, आणि हा फोडायला मन होईना, असं म्हणाला.

दुसरे एक पुढारी. शिरूरकडचे, नाव नको. बंगल्यावर सकाळपासनं माणसांची रीघ. त्यांना माणसांसाठी लहान कप हवे होते आणि स्वतःसाठी एक दांडगा. माझं डोकं फिरलं. चहा पाजायचा तर सारखा पाजा, असं मी बोलणार, तेवढ्यात शालन पुढं झाली. "करतो की आप्पा, तुमचा चांगला दांडगा करतो." ते गेल्यावर मी तिच्यावर उखडलो. ती म्हणाली, "आवो, बाहेरनं दांडगा करा. आन् बूड जाड ठिवा." तसंच केलं. बघायला घमेलं, आत चहा सगळ्यांएवढाच. आप्पांनी हातात घेतला आणि खूश होऊन म्हणाले, वजनदार आहे. त्या दिवशी शालन इतकी हसली की तिला खोकला लागला आणि थांबेना.

गमती इथंच संपल्या. ह्यापुढं हसण्यासारखं माझ्याजवळ काही नाही.

खोकला आधी सकाळचा होता, मग दिवसभराचा झाला. मग घरापासनं शेडापर्यंत येताना ती मध्ये शेवग्याखाली थांबायला लागली. विचारलं की म्हणायची, शेंगा बघत होते. शेवग्याला तेव्हा पानंसुद्धा धड नव्हती. एका दवाखान्यात छातीचा फोटो काढला. फोटोत डाग दिसले. थुंकीत काही निघालं नाही, तरी टीबी धरून गोळ्या सुरू केल्या. गोळ्यांनी तिचं पोट बिघडलं, जेवण तुटलं, श्वास होता तिथंच राहिला.

त्याच वर्षी भाऊबीजेला आम्ही केंदूरला गेलो. तिच्या भावाच्या घरात आमच्या सहा कपबश्या होत्या, तिनंच आदल्या साली नेऊन दिलेल्या. चहा आला. मला, भावाला, शेजारच्यांना कपबशीतनं. शालनच्या हातात वहिनीनं स्टीलचा पेला दिला. तो खिडकीत वेगळा काढून ठेवलेला होता. वहिनी वाईट बाई नाही. तिचे डोळे भरले होते.

"वन्सं, राग मानू नगा. बारकं पोर हाय घरात."

"न्हाई गं. बरूबर हाय तुजं," शालन म्हणाली. चहा प्याली, पेला स्वतः विसळला आणि खिडकीत होता तिथं उपडा घातला.

परत येताना ती गाडीवर माझ्यामागं बसली होती. न्हावरा गेलं, भीमेचा पूल आला. पुलावर म्हणाली, "तिच्या जागी म्या बी तसंच केलं आसतं." थोड्या वेळानं म्हणाली, "पर त्या कपांचं काठ म्या घासल्यालं हुतं, व्हय का न्हाई?" मी नुसतं हूं म्हटलं.

घरी आल्यावर तिनं स्वतःचा कप वेगळा मांडला. मी भांडलो, तिनं ऐकलं नाही. मग ती आत वळली की मी तिच्याच कपात चहा ओतून प्यायचो. जगभराला कप पुरवणाऱ्या घरात तिच्या कपाला कुणी शिवायचं नाही, हे मला सहन होत नव्हतं. कळल्यावर चिडली. पण तेवढं एक तिला थांबवता आलं नाही.

गोळ्यांचा कोर्स संपला आणि काही फरक पडेना, तेव्हा कुणीतरी दौंडच्या एका छातीच्या डॉक्टरीणबाईंचं नाव सांगितलं. त्यांनी फोटो उजेडापुढं धरला, बराच वेळ बघितला आणि विचारलं, "ताई, तुम्ही खडी क्रशरवर होता का? दगडखाणीत?"

"न्हाई ओ. आमी कप करतो, च्याचं."

"त्यात तुम्ही नक्की काय करता? दिवसभर?"

शालनला बोलायला दम पुरत नव्हता, म्हणून तिनं करून दाखवलं. टेबलावरचा पाण्याचा रिकामा ग्लास घेतला, मांडीवर ठेवला, पदराच्या टोकानं काठावरनं गोल गोल फिरवलं, आणि सवयीनं ग्लास तोंडापुढं धरून आत फुंकर घातली. फुंकरीनं तिला खोकला आला. बाईंनी हातातला पेन खाली ठेवला.

मग त्यांनी समजावलं. टीबी नव्हताच. गारगोटीची बारीक पूड डोळ्यांना दिसत नाही इतकी बारीक असते, ती छातीत जाते आणि तिथंच राहते. छाती तिच्याभोवती गाठी करत बसते. मी विचारलं, औषधानं निघेल? म्हणाल्या, नाही. ऑपरेशननं? नाही. एवढंच की आणखी जाऊ द्यायची नाही. सुकी माती घासायची नाही, फुंकायची नाही, झाडायची तर अजिबात नाही. जे करायचं ते ओलं.

आमच्या कारखान्यात पूड दळायच्या खात्यातली माणसं तोंडाला मास्क बांधून काम करायची. आम्ही ओतकामवाले, आमचं सगळं ओलं. ते मास्क म्हणजे त्यांच्या खात्याचा गणवेश, इतकंच आम्ही समजायचो. का बांधतात हे ना त्यांनी सांगितलं ना आम्ही विचारलं. तीच पूड गोणीत भरून माझ्या शेडात आली. वडिलांच्या धंद्यात धुरानं डोळे जायचे, पाठ जायची. ह्या धुळीचं कुणाच्या कानावर नव्हतं. पण हे सांगून माझं समाधान होत नाही.

घरी आल्यावर मी म्हटलं, शेड बंद. शालन उसळली. "बंद करून खायाचं काय? मातीच?" तिला पुन्हा कामाला बसायचं होतं. तोंडाला ओढणी बांधते म्हणाली, दाराबाहेर वाऱ्याला बसते म्हणाली. "आण्णास्नी माजाच काठ लागतो. तुमच्या हातचा परत धाडतील ते." मी रागाच्या भरात तिचे सगळे पॉलिश पेपर आणि धोतराचे तुकडे भट्टीत कोंबले. चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. नंतर बोलली तेव्हा एवढंच म्हणाली, आता माझा काय उपयोग. जी तिची कला होती तिनंच तिची छाती खाल्ली, हे तिला कळलं होतं. निदान त्या काठासाठी तरी खाल्ली, ह्या एका गोष्टीला ती धरून होती. तसा काठ दुसऱ्या कशानं होत नाही, हा तिचा विश्वास होता. माझाही होता.

शेड मी बंद केलं नाही. दोन बाया कामाला घेतल्या आणि नियम केला, सुक्या मातीला हात लावायचा नाही, झाडू आणायचा नाही, फरशी ओल्या फडक्यानं पुसायची. राहिला काठ. कप अर्धवट सुकलेला असताना ओल्या स्पंजानं आणि मऊ चामड्याच्या पट्टीनं काठ फिरवून बघायला लागलो. आधी जमेना. पाण्यानं वरची मऊ माती धुऊन जायची आणि खालचे कण उघडे पडायचे. मग पाणी कमी केलं. मग चामडं नुसतं दमट ठेवलं. माल भाजून निघाला की शेडात एकटा बसून मी आण्णांसारखा डोळे मिटून काठ ओठावरनं फिरवायचो. एके दिवशी काही लागलं नाही. दुसरा घेतला, तिसरा घेतला. लागलं नाही. मला आनंद व्हायला हवा होता. मी ते तिन्ही कप फडक्याखाली झाकून ठेवले. घरात जाऊन मी शालनला काही सांगितलं नाही.

तोवर ती अंथरुणाला लागली होती. उशाशी ऑक्सिजनचं यंत्र घरघरत असायचं. लाइट गेली की तिची नजर माझ्याकडं वळायची आणि मी सिलेंडरकडं धावायचो. बोलताना दोन शब्द झाले की थांबायची. तरी माल गेला का, आण्णांनी घेतला का, हे रोज विचारायची. घेतला म्हणायचो. ती मान हलवायची आणि समजायची, माझे घासलेले जुने कप अजून पुरतायत. मी तसं म्हणालो नव्हतो. तसं नाही, असंही म्हणालो नव्हतो.

एका दुपारी आण्णाच तिला बघायला आले. गुडघे गेलेले, हातात काठी, नातवानं गाडीवरनं आणलेलं. तिच्या खाटेशी खुर्ची घेऊन बसले. शेडातल्या बाईनं चहा केला आणि नव्या कपबश्यांतनं आणला. माझं लक्षच नव्हतं. लक्ष गेलं तोवर आण्णांनी कप उचलला होता. जन्माची सवय. डोळे मिटले, काठ खालच्या ओठावरनं फिरवला.

"शालन," ते म्हणाले, "पोरी, तू काय बी म्हन. ह्यो काठ तुज्याबिगर कुनाच्या बापाला जमायचा न्हाई."

माणूस तिला बरं वाटावं म्हणून बोलला. मनापासनं बोलला. मी खाली बघत राहिलो.

शालननं हात पुढं केला. आण्णांनी चहा बशीत ओतला आणि रिकामा कप तिच्या हातात दिला. तिनं अंगठा काठावर ठेवला आणि हळूहळू सगळीकडनं फिरवला. मग कानाच्या सांध्यावर. आपण घासलेला काठ आणि सांधा बोटाला कसा लागतो हे तिला ठाऊक होतं, हा तसा लागत नव्हता.

"ह्यो म्या न्हाई केला," ती म्हणाली. दम घेतला. "कुनी घासला?"

"घासला न्हाई," मी म्हटलं. "वला हुता तवाच फिरवला. पाण्यानं."

तिनं नाकावरची नळी जरा बाजूला सारली, कप तोंडाशी नेला आणि डोळे मिटून काठ ओठावरनं फिरवला. इकडनं तिकडं. मग परत. यंत्र चालूच होतं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग नव्हता. कप तिनं हातातच पोटावर टेकवला.

"पाण्यानं बी हुतं व्हय," ती म्हणाली.

आण्णांनी बशी खाली ठेवली. मी तिची नळी नीट केली आणि हातातनं कप काढून घेतला.